गवताचं औषध

पंधरा लिटरच्या पंपाला गवत मारायच्या औषधाची दोन झाकणं पुरतात. मी तीन टाकली. वर मूठभर युरियाही टाकला, म्हणजे पान औषध लवकर ओढतं. पंप पाठीवर घेतला आणि तानावहिनीच्या अंगणात शिरायला गेलो, तर फाटकच उघडेना. आतून तरोटा आणि गाजरगवत कमरेच्या वर वाढून फाटकाला टेकलेलं. शेवटी खांद्याने रेटून आत गेलो आणि भिंतीपासून कुंपणापर्यंत एक बोटभर जागा सोडली नाही. अंगण ओलंगच्च करून टाकलं. विळा घेऊन बसलो असतो तर दोन दिवस गेले असते. औषधाने पाऊण तासात उरकलं.

माझं बाभुळगावात बस स्टँडच्या बाजूला फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. कोणाचं नोझल तुंबलं, कोणाचं वॉशर गेलं, कोणाची बॅटरी बसली, की लोक म्हणतात, गोपालकडे न्या. मशीन म्हटलं की माझा हात चालतो. माणूस आजारी पडलं की मात्र माझे पाय मागे सरतात. हा दोष मला फार आधीपासून माहीत आहे, आणि तो झाकायच्या युक्त्याही माहीत आहेत.

तानावहिनी ही माझ्या थोरल्या भावाची, मारोतरावदादाची बायको. ती लग्न होऊन आमच्या गावच्या घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. माझ्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून माझ्या लग्नात आईच्या जागी बसण्यापर्यंत सगळं तिनं केलं. मी तिला एकेरीत बोलतो ते त्यामुळेच. दादा जाऊन अकरा वर्षं झाली. तिची मुलगी अर्पिता यवतमाळला दिलेली. तेव्हापासून वहिनी गावातल्या घरी एकटी राहते आणि गाव माझ्या दुकानापासून आठ किलोमीटर.

होळीच्या आदल्या दिवशी ती न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, मग अर्पिताकडे मुक्काम. साडेचार महिने. या साडेचार महिन्यांत मी तिला पाहायला किती वेळा गेलो? एकदा.

त्या एकदाचंही सांगतो, लपवून काय करू. डझनभर केळी घेऊन वॉर्डात गेलो. मला पाहताच वहिनी डोक्यावर पदर घ्यायला गेली, पण त्या हाताला सलाईन होतं आणि दुसरा हात पोचेना. पदर अर्ध्यातच राहिला. मी केळी टेबलावर ठेवली, डॉक्टर काय म्हणाले विचारलं, आणि पंधरा मिनिटांत दुकानात गिऱ्हाईक बसलंय असं सांगून खाली आलो. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. खाली येऊन चहा प्यालो आणि घरी आलो. मला ती तशी पाहवली नाही. पुढे जेव्हा जेव्हा जायचं ठरवलं तेव्हा तो अर्ध्यातला पदर डोळ्यापुढे यायचा आणि मी बायकोला म्हणायचो, पुढच्या हप्त्यात जातो, आता सीझन आहे. अर्पिताला फोन करून गोळ्या कोणत्या, जेवते का, असं विचारायचो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आषाढ संपता संपता अर्पिताचा फोन आला. वहिनीने घरी जायचा धोशा लावला होता आणि पंधरा दिवसांनी अर्पिता तिला आणून सोडणार होती. घराची अवस्था काय आहे, असं तिनं मला विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि नव्हता म्हणूनच मला जास्त लागलं. मी म्हणालो, घराची काळजी तू करू नको, मी बसलो आहे.

मग मी त्या घराच्या मागे लागलो. औषध मारून आठ दिवसांत गवत पिवळं पडलं, पुढच्या तीन दिवसांत वाळून काडी झालं. ते सगळं ओढून पेटवून दिलं. घरात दाराच्या चौकटीला उधई लागली होती, ती खरवडून डांबर लावलं. उंदरांनी गाद्यांत घरं केली होती. गाद्या उन्हात घातल्या, भांडी घासून घेतली, भिंतींना चुना मारला. न्हाणीत खरबरीत फरशी बसवली आणि धरायला लोखंडी पाइप ठोकला. चार दिवस दुकानाचं शटर उघडलं नाही. घर असं चकचकीत केलं की यवतमाळला न गेल्याचं फिटून जाईल, असं मला खरोखर वाटत होतं. शेजारचे पंजाबराव कुंपणावरून म्हणाले, असा दीर सगळ्यांना मिळो. ते ऐकून मला बरं वाटलं, याची आज लाज वाटते.

वहिनी वॉकर धरून गाडीतून उतरली. फार वाळली होती. अंगण पाहिलं, ओटा पाहिला, न्हाणीतला पाइप धरून हलवून पाहिला. म्हणाली, लेका, माह्या लग्नात बी हे घर असं नव्हतं. सगळे हसले. अर्पिता माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसली. मी मनात म्हटलं, चला, सुटलो.

चहा झाल्यावर वहिनी वॉकर टेकत घराच्या बाजूला गेली, कुंपणाजवळच्या निंबाखाली. तिथं जरा वेळ उभी राहिली आणि मला हाक मारली.

"गोपाल, काटवल नाही निंघालं काय यंदा?"

आता हे काटवल काय ते सांगायला हवं. ही पावसाळ्यात वेलाला लागणारी काटेरी रानभाजी, कुठं कुठं तिला कर्टुलं म्हणतात. दादा उमेदीच्या काळात तेंदूपत्त्याच्या हंगामात झरी जामणीकडे पानांचा हिशेब ठेवणारा मुनशी म्हणून जायचा. तिकडच्या जंगलातून त्यानं काटवलाचे कांदे, म्हणजे जमिनीतले गड्डे, आणून निंबाखाली लावले होते. हा वेल दर उन्हाळ्यात वरून मरतो आणि पावसाळ्यात जमिनीतल्या कांद्यातून आपला आपण फुटतो. पहिली काटवलं निघाली की वहिनी भाजी करायची आणि डबा माझ्या दुकानात पाठवायची. बावीस वर्षं मी ती भाजी खाल्ली आणि वेलाचं पान कसं असतं ते एकदाही पाहिलं नाही. त्यामुळे त्या दिवशी पंप घेऊन शिरलो तेव्हा गवतात तो वेल होता की नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण आषाढ होता, पाऊस पडून गेला होता. असणारच.

"मले नाही दिसलं," मी म्हणालो. एका अर्थी ते खरं होतं.

"आधार द्याले कोनी नव्हतं ना," ती म्हणाली. "मी असती तं काड्या रोवल्या असत्या. जाऊ दे. कांदा जमिनीत हाये. पुढच्या सालाले निंघन."

मी मान हलवली. गवताच्या औषधाचा गुण काय, ते मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पानावर पडतं आणि मुळापर्यंत जातं, खालचं गड्डं सडवतं, परत फुटायचं नाव नको. आणि मी तर तीन झाकणं टाकली होती.

पुढचं वर्ष कसं गेलं ते मला विचारा. मी दर रविवारी वहिनीकडे जायचो. यवतमाळला साडेचार महिन्यांत एकदा गेलेला माणूस आता दर हप्त्याला हजर. कधी दाराचं बिजागर, कधी पंख्याचा रेग्युलेटर, कधी कौलं. काम संपलं की उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि गाडीला किक मारायची. प्रत्येक वेळी जाताना ठरवायचो, आज सांगून टाकू. गावची कमान आली की ठरवायचो, पुढच्या रविवारी. तिनं निंबाकडे नुसतं पाहिलं तरी मी पान्हे आवरायला लागायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

उन्हाळ्यात मला अक्कल सुचली, म्हणजे सुचली असं मला वाटलं. पांढरकवड्याला पंपाचे पार्ट आणायला गेलो होतो, तसाच पुढे झरी जामणीकडे गेलो. एका गावात कोलाम आदिवासी म्हाताऱ्याने कुदळीने खणून मला काटवलाचा कांदा काढून दिला. कशाला पाहिजे, असं त्यानं विचारलं तर मी सांगितलं, औषधाला. खोटं बोलायची सवय लागली की ती असल्या ठिकाणीही सुटत नाही. पुढच्या रविवारी वहिनी दुपारची पडली असताना कुंपण दुरुस्त करायच्या निमित्ताने मी तो कांदा निंबाजवळ पुरला आणि वरची माती पायाने सारखी केली.

आषाढात वहिनीचा फोन आला. ती स्वतःहून कधी फोन करत नाही. वेल निघाला, पाह्याले ये, एवढंच म्हणाली. मी गेलो. हिरवा कोंब वर आला होता. मी "अरे वा" म्हणालो, दोनदा म्हणालो, तिनं रोवलेल्या काड्या सारख्या केल्या. आपलं नाटक बरं वठलं असं मला वाटलं. वहिनी वेलाकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती, हे मी तेव्हा धरलं नाही.

श्रावणात वेल कुंपणभर पसरला. पिवळी फुलं आली, रोज येत होती आणि रोज गळत होती. काटवल एक नाही. मी म्हणायचो, पाऊस कमी आहे, होतील. अर्धा श्रावण गेला तशा एका रविवारी तिनं मला निंबाखाली बोलावलं. वॉकर सुटला होता, आता हातात काठी असायची. तिनं एक फूल तोडून माझ्या हातात दिलं.

"याच्या खाली काय दिसते तुले?"

"देठ."

"देठच. मादीच्या फुलाखाली पहिल्यापासून बारीक काटवल असते. हा नर हाये. याले जन्मभर फूलच येईन."

मी फूल उलटं करून पाहिलं.

"तुह्या दादानं दोन कांदे आनले होते, नर बी अन मादी बी. ते निंबाच्या या अंगाले होते. हा त्या अंगाले निंघाला. चालत गेला काय?"

मग मी सगळं सांगितलं. पंप सांगितला, तीन झाकणं सांगितली, युरिया सांगितला, कोलाम म्हातारा सांगितला. चोपन्न वर्षांचा माणूस मी, कुंपणाशी उभा राहून रडलो.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "आली त्याच दिवशी. पस्तीस सालं कापसात गेले माहे. औषधानं मेलेली माती मले कळत नाही काय?"

"मंग बोलली काहून नाही? वर्षभर मी..."

"वेलाचं काय बोलू? वेल होता तो. तुह्या दादाचा होता, तं तुहा दादा बी गेलाच ना." तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. "अर्पिताच्या घरी माही बाज खिडकीपाशी होती. फटफटी वाजली का मी उठून बसत होती. त्या पायानं. साडेचार महिने. अंगन साफ कर, असं म्या म्हनलं होतं काय तुले?"

तिनं हे रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती शांत बोलली, आणि बोलून झाल्यावर ओट्याकडे चालू लागली. मी मागून गेलो. वर्षभराची सवय, हाताला काहीतरी पाहिजे होतं. म्हणालो, न्हाणीतला नळ गळतोय वाटतं, पाहून येतो.

"गळू दे," वहिनी म्हणाली. "बस इथं."

मी ओट्यावर बसलो. पान्हे गाडीच्या डिकीत होते, हात रिकामे होते, कुठं ठेवावेत ते कळेना. ती भिंतीला टेकून बसली, दुखरा पाय तिनं दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. पंजाबराव रस्त्यावरून गेले, त्यांनी हात केला, आम्ही दोघांनी मान हलवली.

मग वहिनी सांगू लागली. ऑपरेशनला नेलं त्या सकाळी काय झालं, भूल द्यायच्या आधी डॉक्टरीण काय म्हणाली, बाजूच्या खाटेवरची बाई रात्रभर कोणाला हाका मारायची, पहिल्यांदा उभं केलं तेव्हा पाय कसा लटपटला. एकेक करून ती सगळं सांगत गेली. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.