कोरड्या तलावाकाठचा पाणचेंडू

‘‘अंकल, पूल में पानी कब आएगा?’’

मित्रांनो, नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या भर मीटिंगमध्ये उभं राहून मृणालने हा प्रश्न विचारला, तेव्हा मी तिच्या मुठीत होतो. तिचा तळहात घामाने चिंब झाला होता. तोवर माझ्या नशिबी आलेलं पाणी ते एवढंच!

मी एक पाणचेंडू आहे. आता जरा जुना, रंग विटलेला. जमिनीवर आपटलंत तर धप्पकन बसतो, अगदी मठ्ठ. पण पाण्यावर आडवा मारा, जोरात, आणि मग बघा! नदीत चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढतात ना, तशा मी टणाटण उड्या घेतो. पोटात मऊ फोम, अंगावर पोहण्याच्या पोशाखासारखं ताणणारं कापड. माझा जन्मच समुद्रासाठी. मृणालच्या मामाने मला सिडनीहून आणलं आणि पोचवलं कुठे, तर नोएडाला! इथे समुद्र फक्त कॅलेंडरवर.

मृणालच्या आईने मला शोकेसमध्ये बसवलं. ‘‘फॉरेनचा आहे हं, हात नका लावू,’’ असं ती पाहुण्यांना सांगायची. पाहुणे ‘अच्छा!’ म्हणायचे. कौतुक खूप झालं, पण माझ्या अंगात नुसत्या मुंग्या. काचेतून खाली सोसायटीचा पोहण्याचा तलाव दिसायचा. निळ्या फरश्या होत्या, चकचकीत शिडी होती, ‘इथे सूर मारू नये’ अशी पाटीसुद्धा होती. पाणी तेवढं नव्हतं! मुलं त्यात क्रिकेट खेळायची. चहूकडे क्रेन फिरत होत्या, टॉवर चढत होते, मेट्रो आली, मॉल आले. सगळं येत होतं, पाणी सोडून.

मृणालने मैत्रिणींत माझ्या बढाया मारल्या. रुचिरा म्हणाली, ‘‘उडतो म्हणे पाण्यावर! दाखव ना यार. नाहीतर मीटिंगमध्ये भसीन अंकलना विचार पाणी कधी येणार ते. है हिम्मत?’’ मृणालने मला शोकेसमधून गुपचूप काढलं आणि थेट मीटिंग गाठली.

भसीनजी म्हणजे बिल्डरचे मॅनेजर. तिच्या प्रश्नावर ते गोड हसले. ‘‘बेटा, बस, अगले महीने!’’ मग सगळेच हसले. मृणालच्या बाबांनी हळूच तिचा कुर्ता ओढला. ‘‘बस खाली. आपल्या फ्लॅटची रजिस्ट्री अजून यांच्या हातात आहे.’’

मित्रांनो, असे किती ‘अगले महीने’ गेले! आणि एका रविवारी सकाळी टँकरच टँकर. तलाव काठोकाठ भरला! मृणालने शोकेस उघडलं, मला उचललं आणि चपला न घालता जिना उतरली. मागून बाबा, ‘‘अगं, थांब तरी!’’

तिने मला फेकलं. मी डुबुक्. पुन्हा फेकलं, पुन्हा डुबुक्. मी लाजेने अर्धा झालो.

‘‘असा नाही गं! खाली वाक, आडवा, मनगटातून,’’ म्हणत बाबांनी मला घेतलं. ‘‘सांगलीला कृष्णेवर भाकऱ्या काढण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं.’’

आणि मी सुटलो! टण्, टण्, टण्, पार पलीकडच्या काठापर्यंत! तिथे नव्या टॉवरमधले फ्लॅट बघायला आलेली माणसं उभी होती. त्यांच्यातली एक चिमुरडी टाळ्या पिटत ओरडली, ‘‘पापा, यहीं घर लेंगे!’’

तिच्या वडिलांनी बाबांना विचारलं, ‘‘भाईसाहब, पूल रोज़ चलता है ना?’’

शेजारी भसीनजी. तेच गोड हसू. बाबा त्यांच्याकडे बघत म्हणाले, ‘‘हाँ... मतलब...’’

मी पाण्यात तरंगत होतो. ज्या उडीसाठी आयुष्यभर तळमळलो, तीच आता खोट्याची जाहिरात होऊ लागली होती. बुडता येतं तर बुडलो असतो!

‘‘नहीं अंकल,’’ मृणाल म्हणाली. ‘‘आज ही भरा है, टँकर से. आप लोगों को दिखाने के लिए.’’

भसीनजींचं हसू आटलं. संध्याकाळपर्यंत तलावही आटला. तळाच्या जाळीला चिकटून पडलो होतो, मृणालने उतरून मला उचललं.

घरी आईचा पारा चढला होता. ‘‘काय गरज होती मध्ये बोलायची? आता रजिस्ट्री लटकली तर?’’ बोलता बोलता तिने मला टॉवेलने पुसलं आणि शोकेस उघडलं. बाबा नुसतं मनगट चोळत होते.

मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. पण तिचं काम तिला करू देऊन जपा. काचेमागे मी कोरा करकरीत राहिलो असतो, पण ते काय जगणं? आज माझी शिवण उसवली आहे, त्याचं मला जराही दुःख नाही. आणि तलावांनो, तुम्हीही नुसते दाखवायला भरू नका!

त्या संध्याकाळी मृणालने मला आईच्या हातून काढून घेतलं.

‘‘हा आता शोकेसमध्ये जाणार नाही, आई. माझ्या दप्तरात राहील. आणि बाबा, पुढच्या मीटिंगला मी परत उभी राहणार. त्याच्या पुढच्याही. पाणी येईपर्यंत हाच प्रश्न. तुम्ही कुर्ता ओढा, नाहीतर माझ्या शेजारी उभे राहा!’’