मार्थाच्या हातचे मांडे

कौतुक करायला आपल्या पदरचं काही जात नाही, म्हणून ते आपण सढळ तोंडाने करतो. पंगतीला शेजारी बसवायची वेळ आली, की मग बघा! धुळ्यात सुगंधाबाईंच्या अंगणात तेच झालं.

धाकट्या लेकीचं, लताचं लग्न उद्यावर आलेलं. चुलीवर मांडे भाजायचं पालथं मातीचं खापर तापलेलं, बाया मांडे करायला बसलेल्या. सुगंधाबाईंची नणंद मार्था लग्नासाठी थेट आफ्रिकेतून आली होती. तिथं कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात ती मिशनचं काम करायची. लग्न केलं नाही, जन्म तिथंच वाहिला. ख्रिस्ती देवळात पाळकसाहेब तिच्यासाठी प्रार्थना करू लागले, की सुगंधाबाईंची मान ताठ व्हायची.

मार्था हात धुऊन परातीशी बसली. सुगंधाबाईंची थोरली बहीण मंजुळाबाई पाचोऱ्याहून चार दिवस आधीच आलेली. तिने परात हळूच स्वतःकडे ओढली.

"राहू द्या मार्थाताई. तुम्ही पाहुण्या."

"पाहुणी कसली? खापर दिसलं की माझे हात शिवशिवतात."

"तसं नाही वो... तुम्ही त्या रोग्यांचं करता. घरमा लेकरं शेत, त्यांना काही झालं तर?"

मार्था उठली. "वहिनी, मी दुपारच्या गाडीने जळगावला मैत्रिणीकडे जाते. लग्नघरी वाद नको."

सुगंधाबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. पण त्यांच्या जिभेला कोणत्या शाळेची गरज? त्यांनी पाण्याचा तांब्या थेट चुलीत ओतला!

"उठा बठ्ठ्या, सगळ्या उठा! या घरात मांडे होणार नाहीत. वऱ्हाडाला वरणभात वाढीन!"

"येडी का तू? लोक तोंडात शेण घालतील!" मंजुळाबाई ओरडली.

"घालू दे! परवा देवळात हिच्या नावाने डोळे पुसत होतीस ना, अक्का? देवाचं काम हिने करावं, आपण नुसतं आमेन म्हणावं, आणि हिच्या हातचं खायचं म्हटलं की नाक मुरडावं! जाळ ती भक्ती चुलीत! पण चूल तर मीच विझवली!"

एवढ्या तणातणीतही मार्थाला हसू फुटलं. ती पुन्हा खाली बसली.

"अक्का, नातवंडांची काळजी वाटते, ते मला कळतं. पण औषध सुरू झालं की तो रोग पसरत नाही. तिथंही बायको रोगी नवऱ्याला लांबूनच ताट सरकवते. मी त्याच्याजवळ बसून जेवते. मग एखाद्या दिवशी तीही येऊन बसते. माझं मिशन म्हणजे बरंचसं हेच."

"म्हणजे आफ्रिका आपल्या धुळ्यातच शे की!" सुगंधाबाई कडाडल्या.

मंजुळाबाई चुलीशी सरकली. तिने ओली राख बाजूला केली, काड्या रचल्या, फुंकून फुंकून चूल पेटवली. पुरणाचा उंडा घेऊन मांडा कोपरापर्यंत ताणला आणि म्हणाली, "मार्थाताई, हात पुढे करा."

तो मऊ मांडा एकीच्या हातांवरून दुसरीच्या हातांवर उतरला. मार्थाने तो अलगद खापरावर टाकला. भाजून निघाल्यावर मंजुळाबाईने नातीला मांडीवर ओढून पहिला तुकडा भरवला. भरवताना आजीचे डोळे भरून आले.

"आता रडू नको, पुरण खारट होईल!" सुगंधाबाई खेकसल्या.

बायाबापड्यांनो, दूरदेशी सेवा करणाऱ्या लेकींचा अभिमान जरूर धरा. पण त्यांनाच आपण चुलीपासून दूर सारत असू, तर तो अभिमान नव्हे, ढोंग आहे! रोगाला औषध निघालं. आपल्या मनातली शिवाशीव मात्र आपल्यालाच धुवावी लागेल.