घडवणारे गजेंद्र सर

गजेंद्र सरांनी आयुष्यात एक दिवसही कुठे नोकरी केली नव्हती आणि ते आम्हाला नोकरी कशी करायची ते शिकवत होते.

गुजरातेत, आमच्या बमरोलीत, एका ट्रस्टने तरुणांसाठी योजना आणली होती. दीड महिना मार्गदर्शन, मग तीन महिने कारखान्यात पगारी अनुभव. मी तेव्हा बी.कॉम. होऊन घरी बसले होते. वडील, शालिग्राम, पंचवीस वर्षांपासून कापडाच्या लूमवर कामाला. आई उषाबाई घरी साड्यांना टिकल्या लावते. ‘पगारी’ हा शब्द वाचून मी फॉर्म भरला.

सरांचं मार्गदर्शन म्हणजे हात कसा मिळवायचा, हसायचं किती आणि पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता याचं उत्तर. पोरं ते उत्तर पाठ करून यायची. एकदा मी विचारलं, “सर, याआधी तुम्ही कुठे कामाला होता?”

“मी काम नाही करत, धनश्री. मी माणसं घडवतो,” ते म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

अनुभवासाठी मला सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका साडीच्या कारखान्यात पाठवलं. तिथे कापड तपासणीच्या टेबलाशी एक स्टूल दिलं आणि बघत बस म्हणून सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात टेबलावर आलेल्या कापडाच्या ताक्यावर मला बारीक उभी रेघ दिसली. लूमवर तार, म्हणजे उभा धागा, तुटली की अशी रेघ पडते, हे मला सहावीत असल्यापासून माहीत होतं. पप्पांचा डबा द्यायला जायचे तेव्हा त्यांनीच दाखवलं होतं. मी सुपरवायझर प्रवीणभाईंना बोलावलं. त्यांनी त्या मालातले आणखी चार ताके उघडले. चारही तसेच. सगळा माल परत गेला.

ट्रस्टच्या अहवालात छापून आलं की सरांच्या मार्गदर्शनामुळे एका गरीब मुलीला कापडाची नजर आली.

मग सरांना माझ्यावर व्हिडिओ करायचा होता. एका रविवारी ते कॅमेरावाल्याला घेऊन घरी आले, खोलीभर नजर फिरवली आणि त्यांचा चेहराच पडला. आमच्याकडे टीव्ही होता, फ्रिज होता, भिंतीला नवा रंग होता.

“आँटी, टीव्हीवर चादर टाकू या का? आणि साडी जरा जुनी नेसाल? काका खाली बसतील. धनश्रीने आधी रडायचं, मग हसायचं.”

आईने टिकलीची सुई साडीत खोचून ठेवली आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, “टीव्ही कसाले झाकू? मना पैसास्नं लेयेल शे. चोरी करेल शे का?”

सर हसले. मग मला हळूच म्हणाले, “यांना समजाव ना. लोक दुःख बघून पैसे देतात.”

“कोणाला देतात?” मी विचारलं.

ते घड्याळ बघू लागले. वडिलांनी कॅमेरावाल्याला चहा दिला. सरांना विचारलंसुद्धा नाही. पप्पांनी कोणाला चहा विचारला नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

व्हिडिओ शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या, माझ्याबरोबर योजनेत असलेल्या कविताच्या घरी झाला. तिच्या आईने खुर्च्या शेजाऱ्यांकडे ठेवून दिल्या आणि जमिनीवर बसून डोळे पुसले. मला त्या दोघींचा राग आला, आणि मग रागाची लाज वाटली, कारण कविताला खरंच कामाची गरज होती.

तीन महिने संपले तेव्हा मी प्रवीणभाईंना विचारलं, “मला ठेवून घ्याल?”

ते चांगले माणूस होते, म्हणून खरं बोलले. “तुला ठेवली तर पगार मालकाला द्यावा लागेल. सोमवारी नवे ट्रेनी येतायत, त्यांचा ट्रस्ट देतो. मालक कशाला ठेवेल?”

म्हणजे आम्ही घडत नव्हतो, बदलले जात होतो, दर तीन महिन्यांनी, गाळणीतल्या चहापत्तीसारखे. कविताही घरी आली. तिचा व्हिडिओ मात्र फिरत राहिला.

मी बमरोलीतल्या कापडाच्या गाळ्यांवर स्वतःच फिरले. सहा ठिकाणी नाही म्हणाले. सातव्या ठिकाणी प्रमिलाबेन नावाच्या वयस्कर व्यापारी बाईंनी माझा अर्जाचा कागद न बघताच एक ताका टेबलावर सरकवला. “जो, आमां शुं छे?” बघ, यात काय दिसतंय, असं त्यांनी गुजरातीत विचारलं. मी तेलाचा डाग दाखवला, तुटलेली तार दाखवली, आणि त्यांना न दिसलेला एक जोडही दाखवला.

“काले नव वागे आवजे,” त्या म्हणाल्या, म्हणजे उद्या नऊला कामावर.

महिनाभराने सरांचा फोन आला. आवाजात साखर. “धनश्री, नोकरी लागली म्हणे! बघ, मी म्हटलं होतं. नोकरी लागलेल्यांच्या यादीत तुझं नाव टाकतोय. कंपनीचं नाव सांग.”

“सर, तुम्ही मला काय शिकवलंत, एक गोष्ट सांगा. मग टाका.”

ते म्हणाले, “आत्मविश्वास,” आणि फोन ठेवला.

नाव त्यांनी टाकलंच. ट्रस्टच्या हॉलबाहेर मोठा बॅनर लागला, त्यावर माझा फॉर्मवरचा फोटो, खाली गुजरातीत ‘अमारी धनश्री’. पप्पा कामावरून येताना तिथे थांबले, फोटो काढला आणि गावाकडच्या, पारोळ्याच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला. घरी येऊन ते इतके खुशीत जेवले की बॅनर खोटा आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिने टिकलीची सुई पुन्हा हातात घेतली.