स्टिअरिंगवरचा क्रामा

मित्रांनो, मी एक जुना क्रामा आहे. क्रामा म्हणजे कंबोडियातला चौकड्यांचा सुती पंचा. तिकडे मला गळ्यात घालतात, डोक्याला बांधतात, माझी झोळी करून बाळाला झोके देतात. इथे ओमानमध्ये, सीबच्या उन्हात, मला गाडीचं स्टिअरिंग झाकायला ठेवलं. मी जुना झालो तो वर्षांनी नाही, उन्हाने. पण फडकं म्हणून कोणी माझी ओळख करून दिली तर ती मी मानणार नाही. माझी ओळख मीच सांगतो.

सोखा नावाच्या बाईने मला हातमागावर विणलं. तिने आता साठी ओलांडली आहे. ती लहान असताना तिच्या देशात असे राज्यकर्ते आले, की त्यांनी आपल्याच देशातली लाखो माणसं मारली. सोखाच्या घरचा मागही मोडून टाकला. पुढे त्यांचं राज्य गेलं. सोखाने नवा माग उभा केला आणि ती आजही विणते आहे. अशा बाईच्या हातचा मी. गप्प बसणं माझ्या धाग्यात नाही.

मारल्या गेलेल्या माणसांचं तिथे स्मारक आहे. त्याच्या फाटकाबाहेर सोखा क्रामे विकते. सीबहून प्रताप, रेखा आणि त्यांची अकरा वर्षांची सावनी तिथे आली. आत कवट्या ठेवलेल्या आहेत, म्हणून प्रताप एकटाच गेला. रेखा सावनीला घेऊन बाकावर बसली आणि फोनमध्ये गुंतली. सावनीने मला उचलून गळ्यात घातलं आणि सोखाला विचारलं, "आत तुमचं कोण आहे?"

"मोठी बहीण. चन्था," सोखा मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "शाळेत शिकवायची. शिकलेली, म्हणून नेली. परत नाही आली." मग तिने माझी गाठ सावनीच्या गळ्यात नीट बांधली. "माझं इंग्लिश थोडं. पण गोष्ट पूर्ण. तू घरी जाऊन तिचं नाव सांग."

"प्रॉमिस," सावनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अभयारण्यात गेलो. तिथे एक तरुण हत्ती होता. शिकाऱ्यांच्या फासात सापडून त्याचं पाऊल तुटलं होतं आणि आता तो बसवलेल्या कृत्रिम पायावर ऐटीत चालत होता. त्याने सोंडेने मला ओढलं आणि थेट स्वतःच्या डोक्यावर टाकलं! माझी एक कड टरकन फाटली. ती मी अजून मिरवतो. सावनी पोट धरून हसली, रेखाने व्हिडिओ काढला.

सीबला परतल्यावर तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला. चार दिवस माझं कोण कौतुक झालं! नंतर प्रतापने मला स्टिअरिंगवर टाकलं. माझा लाल रंग विटला, पण चन्थाचं नाव मी विसरलो नाही. सावनीही विसरली नव्हती.

गणपतीत मराठी मंडळाने मुलांची भाषणं ठेवली होती. विषय होता 'माझा प्रवास'. सावनीला देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून रेखाने भाषण मराठीतच, पण इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं आणि घोकून घेतलं. त्यात मंदिरं होती, नारळपाणी होतं, हत्ती तर दोन परिच्छेद होता. चन्था कुठेच नव्हती.

हॉलसमोर गाडी थांबली तेव्हा सावनी म्हणाली, "मम्मा, ते मेमोरियलचं पण सांगू ना? मी प्रॉमिस केलंय."

"गणपतीत असलं नको गं. लोक एन्जॉय करायला येतात. एलिफंटचं सांग, सगळ्यांना आवडेल."

"खलास! यल्ला, चला, उतरा आता," प्रताप म्हणाला.

मला संताप आला. हत्तीचा तुटका पाय सगळ्यांना कौतुकाने दाखवायचा आणि चन्थाचं नावसुद्धा घ्यायचं नाही? मला तोंड असतं तर मी तिथेच भांडलो असतो. पण सावनीने मला स्टिअरिंगवरून खेचून काढलं आणि गळ्यात बांधलं.

स्टेजवर तिने मंदिरं सांगितली. हत्ती सांगितला. सगळे हसले. टाळ्यांची वेळ आली, तशी तिने माझी फाटकी कड मुठीत घट्ट धरली.

"अजून आहे," ती म्हणाली. "हे मी पाठ नाही केलं. एक टीचर होती. तिला... शिकलेली होती म्हणून मारलं. तिची बहीण हे बनवते. माझी मराठी थोडी आहे. पण गोष्ट पूर्ण आहे. तिचं नाव चन्था."

रेखाने मान खाली घातली. तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या विद्याकाकूंनी माइक सावनीजवळ नेला. "बाळा, मागच्यांना ऐकू गेलं नाही. नाव परत सांग."

"चन्था!" सावनी इतक्या जोरात म्हणाली की माइक किंचाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतापने तापलेल्या स्टिअरिंगला हात लावला आणि "आई गं!" म्हणून झटकला. मागे सावनीच्या गळ्यात मी होतो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, दोन कागदी रुमाल घेतले आणि बोटांवर फुंकर मारत गाडी चालवली. त्याने मला मागितलं नाही. रेखा मागे वळली आणि तिने माझी सुटलेली गाठ पुन्हा बांधली.

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात घडी घालून जपू नका. मला वापरा, मळवा, फाटलो तर टाका घाला. पण माझी गोष्ट अर्धी सांगाल तर मी ऐकून घेणार नाही. चन्थाचं नाव मी आता तुमच्याही गळ्यात बांधलं आहे.