त्याच्या पाठीच्या मापाची

"हलायचं नाही. श्वास घे, पण खांदे सैल सोड. घरी बसतोस तसा बस."

मी ऐकलेले हे पहिले शब्द. बोलत होते आमच्या संघाचे मुख्य मेकॅनिक. त्यांना सगळे मामा म्हणत.

मित्रांनो, मी शर्यतीच्या गाडीतली एक जुनी सीट आहे. मला कुणी दुकानातून आणले नाही. गाडीच्या सांगाड्यात प्लॅस्टिकची पिशवी पसरून मामांनी चालकाला तिच्यावर बसवले आणि त्याच्या पाठीमागे पिशवीत दोन रसायने मिसळून ओतली. ती फुगत, तापत वर चढली.

"मामा, भाजतंय."

"भाजू दे. कच्ची राहिली तर वर्षभर टोचेल."

तो उठला, तेव्हा त्याच्या रुंद पाठीचा ठसा माझ्यात उमटला होता. जन्मतःच मला माझा माणूस मिळाला. एवढे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

देशादेशांमधल्या त्या शर्यतींचे ते पहिलेच वर्ष. प्रत्येक देशाची एक गाडी. सगळ्या गाड्या एकाच कारखान्यातल्या, इंजिनेही सारखीच. वेगळे असत ते रंग आणि आतल्या सीटा. गुणसुद्धा चालकाच्या नव्हे, देशाच्या नावावर जमा होत. पहिल्या शर्यतीत आम्ही पार मागे राहिलो. शेजारच्या संघातल्या एकाने टोमणा मारला, "काय हो, गाडी फार जपून चालवता. परत करायचीय का?"

"हो ना," आमचा चालक म्हणाला, "अख्ख्या देशाची आहे. ओरखडा उठला तर किती जणांची बोलणी खाऊ?"

मग मात्र आम्ही पुढे सरकत गेलो. एकदा तर तिसरे आलो. रोज सकाळी कुणी इंजिनाला हात लावण्याआधी मामा मला ओल्या फडक्याने पुसून डोळे मिटत आणि हात जोडत. त्यांचा तो नेम कधी चुकला नाही.

अर्धे वर्ष सरले आणि एके दिवशी चालक म्हणाला, "मामा, सीट सैल झालीय. वळणावर आत हिंदकळतो मी."

मामांनी माझ्या कडेला स्पंज चिकटवला. पुढच्या शर्यतीला पुन्हा तेच गाऱ्हाणे, पुन्हा स्पंज. तिसऱ्यांदा स्पंज चिकटवताना मामा वैतागले. "फोम आकसलाय हिचा. ओततानाच काहीतरी बिघडलं असणार."

मित्रांनो, मी तसूभरही बदलले नव्हते. पूर्वी जिथे त्याचे खांदे मला भिडत, तिथे आता नुसती हवा होती. दर शर्यतीला ती थोडी वाढत होती. हे फक्त मला कळत होते आणि देवाने मला तोंड दिलेले नव्हते.

शेवटच्या शर्यतीसाठी नवी सीट ओतली गेली. मला काढून भिंतीशी टेकवले. चालकाचे वजन केले, तेव्हा संघप्रमुख खुशीत म्हणाले, "छान हलका झालायस की. गाडी पळेल आता." तोही हसला. गाडी खरेच पळाली. मग तो डॉक्टरकडे गेला, पण फार उशीर झाला होता.

एकदाच तो पुन्हा कार्यशाळेत आला, भिंतीचा आधार घेत. माझ्यात बसला, तर शेजारी आणखी कुणी मावले असते.

"मामा, हिचं काही चुकलं नव्हतं हो."

मामांनी मान खाली घातली.

"लेकीला मी असाच आठवणार, हाडं मोजून घ्यावीत असा. ती मोठी झाली की एकदा हिच्यात बसवा तिला. कळू दे, बाप केवढा होता ते. बसवाल ना?"

"बसवीन," मामा म्हणाले.

थोड्याच दिवसांत तो गेला. मामांनी मला घरी आणून मागच्या खोलीत ठेवले. वर्षे गेली, माझ्यावर रंगाचे डबे चढले. मामा विसरले नव्हते. मला त्या लेकीपुढे ठेवायचे, तर तीनदा स्पंज चिकटवला पण एकदाही तुझ्या बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हेही सांगावे लागले असते. ते त्यांच्याने होत नव्हते.

आज दुपारी फोन वाजला. मामांना कमी ऐकू येते, म्हणून फोनमधला आवाज घरभर घुमतो.

"आजोबा, मी बोलतेय, तुमच्या चालकाची मुलगी. आई म्हणते, बाबा इतके रुंद होते की दारातून तिरके यायचे. मला तर ते अंथरुणाला खिळलेलेच आठवतात. ती उगाच माझी समजूत काढते का हो? तुम्ही तरी खरं सांगा."

फोन कानाशी धरूनच मामा माझ्या खोलीच्या दारात आले. "सांगून नाही कळायचं, बाळ. घरीच आहेस ना?"

"आहे. का?"

"मलाही काही सांगायचंय. येतो."

मित्रांनो, एखादी वस्तू अचानक सैल वाटू लागली, टोचू लागली, तर तिला दोष देण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाकडे एकदा नीट बघा. वस्तूची दुरुस्ती मागाहूनही होते.

मामांनी एकेक डबा खाली उतरवला. मला उचलताना त्यांना धाप लागली, पण त्यांनी कुणाला हाक मारली नाही. आपल्या जुन्या मोटारीत मला शेजारी ठेवून त्यांनी माझ्यावरून पट्टा ओढला, तो बसलाय ना ते चाचपून पाहिले आणि गाडी हळूच फाटकाबाहेर काढली.