पोपटीच्या शेंगा

नाशिकला फिरायला आलेली माणसं द्राक्षाच्या मळ्यात फोटो काढतात, वाईनचा घोट जिभेवर घोळवून "वा!" म्हणतात आणि खूश होऊन घरी जातात. स्नेहलच्या घरच्यांनीही काल हे सगळं अगदी रीतसर केलं. फक्त तिघांपैकी एकजण परत जाणार नव्हतं.

मम्मीला, म्हणजे वसुंधराला, इथल्याच एका वायनरीत नोकरी लागली होती. पप्पा, म्हणजे हरेश, पनवेल सोडणार नव्हते. न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांचे ट्रेलर चालायचे. वेगळं व्हायचं हे आधी भांडून झालं, मग रडून झालं आणि शेवटी चहा पितापिता ठरलं. उरली नववीतली स्नेहल. दहावी कुणाकडे राहून करायची, ते तिनं सांगायचं. आज, निघायच्या आधी.

रविवारचा शेतकरी बाजार निवांत होता. दाढेला भूल दिली की गाल जसा आपला वाटत नाही, तसं स्नेहलला आठवडाभर सगळंच वाटत होतं. रडू येईल म्हणून ती वाट बघायची. ते काही यायचं नाही.

"स्नेहल, बग गो, वालाच्या शेंगा!" पप्पा एवढ्यानं ओरडले की शेजारची कोथिंबीरवाली दचकली. "मावशी, भांबुर्डा हाय का?"

"ते काय असतं?" शेंगा विकणाऱ्या सोनाबाईंनी विचारलं.

"पाला. मडक्यात घालाचा, त्यात शेंगा, अंडी, चिकन. मडकं उपडं करून वरशी जाळ! पोपटी म्हंतात आमचेकडं."

"दाणा भरलेल्या घे रे," म्हणत मम्मी खाली बसून शेंगा निवडायलाही लागली. "मागच्या वेळी नुसत्या साली होत्या."

"त्या तुजे भावानं आनलेल्या."

"आणि मडकं फोडलं कोणी?"

दोघं हसले. स्नेहलनं बघितलं. आता तरी छातीत काहीतरी हलायला हवं होतं. ढिम्म.

"भरपूर द्या मावशी. पुढचे रविवारी आपले गावाला, गव्हाणला लावू. आपण तिगं, नि..."

पप्पा थांबले. मम्मीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

सोनाबाईंना काय माहीत! "एकाच पिशवीत भरू का दोन करू?"

पप्पा समोरच्या गाजरांकडे बघत राहिले. मम्मी त्या एकाच शेंगेकडे.

"दोन करा," स्नेहल म्हणाली. आवाज चांगला खणखणीत आला, वर्गात हजेरी दिल्यासारखा.

एक पिशवी तिनं मम्मीच्या हातात दिली. दुसरी पप्पांकडे न देता स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मम्मीनं तिच्याकडे बघितलं, मग पिशवीकडे. शेजारच्या गाड्यावरून द्राक्षं घेतली आणि स्नेहलच्या पिशवीत शेंगांवर अलगद ठेवली. "वरच राहू दे. खाली गेली तर चेपतील."

"भांबुर्डा धाडीन तुला," पप्पा हळूच मम्मीला म्हणाले.

"एकटीसाठी मडकं लावतं का कोणी?"

स्नेहलनं एक द्राक्ष तोंडात टाकलं.

"गोड आहेत का गं?" मम्मीनं विचारलं.

"हो," स्नेहल म्हणाली, आणि खरंच आहेत का ते बघायला दुसरं खाल्लं.