मिठाच्या मडक्यातले मोरस

मित्रांनो, मी मिठाचे मडके आहे आणि आता फार जुने झाले आहे. रायपूरच्या कुंभारपाऱ्यात, म्हणजे कुंभारांच्या वस्तीत, मला चाकावर घडवले, भट्टीत भाजले. लग्न होऊन शंकर नगरात आलेल्या कुसुमताईंनी मला टकटक वाजवून पाहिले आणि कडेवर घेऊन घरी आणले.

तीस वर्षे मी स्वयंपाकघरात जाड्या मिठाने भरलेले असे. गुढियारीच्या बाजारातून पोते येई, ते माझ्यात रिकामे होई. समुद्र मी पाहिला नाही. पण त्याचे मीठ माझ्या मातीत मुरले. पुढे पुडीतले बारीक मीठ आले आणि मी अंगणात आले. कुसुमताईंचे यजमान नाना यांनी माझ्या बुडाला भोक पाडून झेंडू लावला. तो सुकला. मग मिरची लावली, तीही गेली. "हे मडकं झाडं खाते," असे म्हणून नानांनी मला भिंतीकडे सरकवले. माझ्या अंगाचे पापुद्रे निघू लागले, तरी कोणी पाहिले नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांची नात ऋता कोकणातून आली. ती खाडीकाठच्या झाडांचा अभ्यास करते. भरतीचे पाणी जिथे येऊन जाते, त्या चिखलाच्या जमिनीला तिकडे खाजण म्हणतात. एका खाजणात मोरस नावाचे गुबगुबीत पानांचे झुडूप वाढत होते. तिथे मातीचे ट्रक रिकामे होऊ लागले. शेवटची तीन रोपे ऋताने परवानगी काढून उचलली आणि सोबत इकडे आणली. भराव थांबला की ती परत तिथेच लावायची होती. दोन रोपांना नव्या कुंड्या मिळाल्या. तिसऱ्याला मी.

थोड्या दिवसांनी भरावाच्या सुनावणीसाठी ऋताला घाईने जावे लागले. "आजी, बादलीतलं पाणी थोडं थोडं घाल," एवढेच ती सांगून गेली.

कुसुमताईंनी बादलीत बोट बुडवून चाखले. "अवो, हे तर खारं! पोट्टीनं चुकून भरलं असन." त्यांनी ते मोरीत ओतले आणि रोज नळाचे गोड पाणी घातले, भरपूर. वर शेणखतही घातले. चार दिवसांत पाने लोंबली.

"काहून मान टाकली यानं?"

"मडक्यातलं मीठ लागून राहिलं त्याले," नाना म्हणाले. "धुवून काढतो."

"झेंडू गेला तवा नाही सुचलं तुम्हाले?"

नानांनी मला रोपासकट दोन दिवस टाकीत बुडवून ठेवले. मित्रांनो, त्यांच्या हातात मायाच होती. पण माझे मीठ सुटत होते आणि रोपाचा जीव जात होता.

ऋता परतली तेव्हा नव्या कुंड्यांतली दोन्ही रोपे कुजली होती. तिने एक लोंबते रोप उचलून धरले. "नाना, ये क्या किया? याला मीठच लागतं!"

"मिठावर जगणारं झाड? मले काय माहीत, बेटा," नाना म्हणाले. "आम्ही तर लाडच करून राहिलो."

ऋता माझ्याकडे वळली. माझे वरचे मीठ गेले होते. पण तीस वर्षांचे खोलवर मुरलेले थोडे उरले होते. त्याच्या आधाराने एक फांदी हिरवी होती. कुसुमताईंनी शेजारून जाडे मीठ मागून आणले आणि स्वतः पाण्यात विरघळवले. नानांनी खत उकरून काढले. नंतर किती दिवस दोघे सकाळी उठून आधी माझ्याकडे येत.

हिवाळ्यात त्या फांदीला बी धरले. तोवर भराव थांबवण्याचा आदेश निघाला होता. मात्र अर्धे खाजण मातीखाली गेले होते. नानांनी स्वतःच्या हाताने मुळे मोकळी केली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून रोप ऋताला दिले. "आता याले याच्या घरी ने," ते म्हणाले.

मित्रांनो, मी एक रोप सांभाळले, एवढेच. माझ्या पोटात भरती येत नाही, खेकडे बिळे करत नाहीत, बगळे उतरत नाहीत. ओसाड दिसणाऱ्या चिखलावर माती टाकण्याआधी तिथे कोण राहते ते विचारा. माया करण्याआधीही विचारा. आणि जे अर्धे खाजण उरले आहे, त्याच्याकडे भरतीचे पाणी येण्याची वाट तेवढी मोकळी ठेवा.